ब्लॅकआऊटच्या आधी: चित्र हवेतून, गाईड वेगळं

३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री, बारा वाजायला एक मिनिट असताना, यूट्यूब टीव्ही या इंटरनेटवरच्या सशुल्क टीव्ही सेवेवरून, डिस्नेशी झालेल्या पैशांच्या वादामुळे, एबीसी, ईएसपीएन आणि डिस्नेची बाकीची चॅनेल्स गेली. ती परत आली १४ नोव्हेंबरला. त्या दोन आठवड्यांत न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन येत राहिले, आणि तक्रारी फिरून फिरून दोनच होत्या. एक, ‘अँटेना आणून लावला, बाकी सगळं दिसतंय, सात नंबर दिसत नाही.’ (सात नंबर म्हणजे न्यू यॉर्कचं एबीसी स्टेशन.) दुसरी, ‘सात नंबर छान दिसतोय, पण गाईड रिकामं आहे, रेकॉर्डिंग लागत नाही.’

अशा वादात चित्र आणि गाईड ही दोन स्वतंत्र कामं असतात. चित्र टॉवरवरून हवेतून येतं. गाईड, म्हणजे कार्यक्रमांचं वेळापत्रक, बहुतेक उपकरणांत इंटरनेटवरून येतं आणि ते कुठल्या यादीतून घ्यायचं हे तुम्ही निवडलेलं असतं. दोन्ही कामं एकदम करायला गेलं की काय बिघडलंय तेच कळत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. चॅनेल्स जाण्याची तारीख जाहीर झाल्यावर हातात साधारण आठवडा असतो, तेवढा पुरतो.

## १. काय परत मिळणार, ते आधी कागदावर लिहा

अँटेनावर फक्त हवेतून प्रसारण करणारी स्टेशन्स येतात: एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस, सीडब्ल्यू, युनिव्हिजन, टेलेमुंडो आणि त्यांची उपचॅनेल्स. ईएसपीएन, एफएक्स, नॅशनल जिओग्राफिक अँटेनावर येत नाहीत. क्रिकेटसाठी घेतलेलं विलो येत नाही, आणि पॅकेजमधली मराठी चॅनेल्सही नाहीत. ईएसपीएनवरचा सोमवार रात्रीचा फुटबॉल सामना तुमच्या शहराच्या संघाचा असेल, तर तो त्या शहरातल्या एखाद्या स्थानिक स्टेशनवरही दाखवतात. तेवढा अपवाद लक्षात ठेवा.

१९९२ च्या केबल कायद्यानुसार स्टेशनची परवानगी घेतल्याशिवाय केबल किंवा सॅटेलाईट कंपनीला ते पुढे दाखवता येत नाही. भांडण त्या परवानगीच्या पैशांचं असतं. हवेतून येणाऱ्या प्रसारणाला त्याचा धक्का लागत नाही.

मग कागदावर तीन गोष्टी लिहा:

- जाणाऱ्या स्टेशनची अक्षरं. ‘एबीसी’ एवढं लिहून भागत नाही, ‘डब्ल्यूएबीसी’ असं पूर्ण लिहा. गाईडच्या टप्प्यावर याच अक्षरांवर सगळं अवलंबून आहे.
- ते स्टेशन कोणाच्या मालकीचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये डायरेक्टटीव्ही ही सॅटेलाईट कंपनी आणि डिस्ने यांच्या वादात न्यू यॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, फिलाडेल्फिया अशा काही शहरांतली एबीसीची स्वतःची स्टेशन्स गेली होती. दुसऱ्या कंपन्यांच्या मालकीची एबीसी दाखवणारी स्टेशन्स चालू होती. तुमच्या गावात कदाचित काहीच करावं लागणार नाही.
- सध्या लावलेल्या रेकॉर्डिंगची यादी. फोनवर फोटो काढून ठेवा.

इशारा: क्लाऊडमधलं रेकॉर्डिंग तुमच्या घरात नसतं. यूट्यूब टीव्हीच्या वादात डिस्नेच्या चॅनेल्सची आधी केलेली रेकॉर्डिंगही लोकांना पाहता येत नव्हती. जे पाहायचं राहिलंय ते मुदतीआधी पाहून घ्या. त्या चॅनेलच्या ॲपमध्ये तुमच्या कंपनीचं लॉगिनही वादाच्या काळात चालत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

## २. पत्त्याचा अहवाल काढा आणि खरा चॅनेल नंबर शोधा

हा टप्पा लोक गाळतात, आणि ‘सात नंबर दिसत नाही’ची सुरुवात इथेच होते.

एफसीसी या सरकारी प्रसारण नियामकाच्या डीटीव्ही रिसेप्शन मॅपवर किंवा रॅबिटइअर्सच्या साईटवर स्वतःचा पूर्ण पत्ता टाका. रॅबिटइअर्सवर अँटेनाची उंचीही विचारतात. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तसं भरा, आकडे खूप बदलतात. अहवालात तीन रकाने बघा: टॉवरची दिशा, सिग्नलची ताकद आणि आरएफ चॅनेल.

टीव्हीवर दिसणारा ७.१ हा नंबर म्हणजे फक्त पाटी आहे. स्टेशन प्रत्यक्षात कुठल्या लहरींवर चालतं ते आरएफ चॅनेल सांगतो, आणि अँटेनाला फक्त तोच कळतो. चार मोठ्या शहरांतलं एबीसीचं उदाहरण घ्या:

- न्यू यॉर्क, डब्ल्यूएबीसी: पाटी ७, खरा चॅनेल ७.
- शिकागो, डब्ल्यूएलएस: पाटी ७, खरा चॅनेल २२.
- सॅन फ्रान्सिस्को, केजीओ: पाटी ७, खरा चॅनेल १२.
- फिलाडेल्फिया, डब्ल्यूपीव्हीआय: पाटी ६, खरा चॅनेल ६.

लहरींचे तीन पट्टे आहेत: २ ते ६ हा खालचा व्हीएचएफ पट्टा, ७ ते १३ वरचा व्हीएचएफ, आणि १४ ते ३६ यूएचएफ. शिकागोतल्या माणसाने ‘माझ्याकडे पातळ चौकोनी अँटेनावर सात नंबर मस्त येतो’ असं सांगितलं तर ते खरंच असतं, पण न्यू यॉर्कजवळच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. दोघांचे सात वेगळे.

तपासणी: कागदावर स्टेशनच्या अक्षरांपुढे आरएफ चॅनेल आणि दिशा लिहिली का? नसेल तर दुकानात जाऊ नका.

एडिसन, प्रिन्स्टनच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी: तुमच्या अहवालात दोन शहरं येतील. मॅनहॅटन ईशान्येला, फिलाडेल्फियाचे रॉक्सबरोचे टॉवर नैर्ऋत्येला. एका अँटेनाने दोन्ही धरायचा हट्ट सोडा. जे शहर बळकट दिसतंय ते निवडा.

## ३. त्या चॅनेलला जुळणारा अँटेना घ्या

लहरीची लांबी आणि अँटेनाची लांबी यांचा थेट संबंध आहे. चॅनेल २२ साठी अर्ध्या लहरीची लांबी २९ सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणून तो वहीच्या पानाएवढ्या पातळ अँटेनावर येतो. चॅनेल ७ साठी तीच लांबी ८५ सेंटीमीटर होते. चॅनेल ६ साठी पावणेदोन मीटर. खिडकीला चिकटवायचा चौकोनी पत्रा टॉवर अगदी जवळ असेल तर चॅनेल ७ पकडतोही, पण २५-३० मैलांवर त्याच्यावर विसंबू नका.

यूएचएफ असेल तर पातळ चौकोनी किंवा जाळीचा अँटेना चालतो. वरचा व्हीएचएफ असेल तर ओढून लांब करता येणाऱ्या दोन कांड्यांचा जुन्या पद्धतीचा अँटेना घ्या, किंवा ज्याच्या माहितीत ‘हाय व्हीएचएफ’ स्पष्ट लिहिलंय असा बाहेरचा. फिलाडेल्फियाचा सहा नंबर हवा असेल तर ‘लो व्हीएचएफ’ लिहिलेलाच.

खोक्यावरचे ‘१५० मैल’, ‘फोर के’ हे शब्द वाचू नका. पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण ६०-७० मैलांपलीकडे टॉवर क्षितिजाखाली जातो, आणि अँटेनाला फोर के वगैरे काही कळत नाही.

टीव्हीत ट्यूनर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल वाचणारा भाग, आहे का तेही बघा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टीव्हीत तो असतोच. मॉनिटर आणि प्रोजेक्टरमध्ये बहुधा नसतो. भारतातून आणलेला टीव्ही इथे अँटेनावर चालणार नाही. तिथली हवेतल्या प्रसारणाची पद्धत वेगळी आहे, इथे एटीएससी ही अमेरिकन पद्धत लागते. अशा वेळी बाहेरचा ट्यूनर घ्यावा लागतो.

भाड्याच्या घरात किंवा सोसायटीत राहणाऱ्यांना ‘परवानगी नाही’ असं सांगितलं जातं. एफसीसीचा नियम तुमच्या बाजूने आहे: फक्त तुमच्या वापरात असलेल्या बाल्कनीत किंवा अंगणात स्थानिक चॅनेलचा अँटेना लावायला घरमालक किंवा सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. सगळ्यांच्या सामाईक गच्चीला हा नियम लागू नाही.

## ४. जागा शोधा, मगच पक्कं करा

आधी टीव्हीला जोडून, लांब केबल मोकळी ठेवून, अँटेना हातात घेऊन फिरा. खिळे नंतर.

सिग्नल कशाने अडतो? धातूचा थर दिलेल्या काचेच्या खिडक्या, चंदेरी कागद लावलेलं इन्सुलेशन, आणि कॅलिफोर्नियातल्या घरांच्या स्टको भिंतींमधली तारेची जाळी. खिडकीत न येणारा चॅनेल कधीकधी शेजारच्या साध्या भिंतीवर येतो.

एका एडिसनच्या घरातला प्रसंग सांगते. तिसरा मजला, खिडकी ईशान्येला, म्हणजे दिशा उत्तम. पातळ अँटेना काचेला चिकटवलेला. यूएचएफवरची सगळी चॅनेल्स आली, सात आणि अकरा नाहीत. या दोन्हींचे खरे नंबर ७ आणि ११, दोन्ही व्हीएचएफ. त्या काकूंनी तीन वेळा स्कॅन केला होता, टीव्ही बंद-चालू केला होता आणि एक बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं उपकरणही मागवलं होतं. मी बूस्टर काढला. दोन कांड्यांचा अँटेना टेबलावर ठेवला, प्रत्येक कांडी ४० सेंटीमीटर ओढली आणि दोन्ही आडव्या केल्या, खिडकीला समांतर. सात आला, पण चित्र फुटत होतं. छतावरचा एलईडी दिवा बंद केला आणि चित्र स्थिर झालं. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर व्हीएचएफमध्ये गोंगाट करतात. दिवा बदलला, काम संपलं.

केबल आरजी-६ जाडीची घ्या. दोन टीव्हींना वाटणारा स्प्लिटर प्रत्येकाला निम्म्याहून कमी सिग्नल देतो, चार वाटांचा तर पाचवा हिस्सा. आधी एकाच टीव्हीवर सगळं जमवा.

बूस्टर शेवटी, आणि तोही खरोखर लांब केबल किंवा स्प्लिटर असेल तरच. टॉवर जवळ असताना बूस्टर लावला तर ट्यूनर गुदमरतो आणि असलेली चॅनेल्सही जातात. अँटेनाला जे मिळतच नाही ते बूस्टर आणून देत नाही.

इशारा: छतावर लावताना विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीपेक्षा जास्त अंतर ठेवा. खांब आणि केबल दोन्ही घराच्या अर्थिंगला जोडा. त्यासाठी किमान १० गेजची तांब्याची तार लागते. या कामाची खात्री नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

## ५. स्कॅन

1. टीव्हीच्या सेटिंगमध्ये स्रोत ‘अँटेना’ किंवा ‘एअर’ करा. तो ‘केबल’वर राहिला की स्कॅन पूर्ण होतो आणि काहीच सापडत नाही. फोनवर सुटलेल्या निम्म्या अडचणी इथे सुटल्या.
2. पूर्ण स्कॅन चालू करा, मध्ये थांबवू नका.
3. हवं ते स्टेशन आलं नाही तर अँटेना काही इंच सरकवा आणि ‘चॅनेल जोडा’ हा पर्याय वापरा. पूर्ण स्कॅन पुन्हा केला तर बहुतेक टीव्ही आधीची यादी पुसतात.
4. नंबर टाकून ट्यून करायची सोय असेल तर आरएफ चॅनेल टाका. तो सापडला की पाटीचा नंबर आपोआप येतो.

एटीएससी ३.० या नव्या प्रसारण पद्धतीचा ट्यूनर असेल, उदाहरणार्थ एचडीहोमरनचा, तर १०७.१ असे शंभराच्या वरचे नंबर दिसतील. तीच स्टेशन्स नव्या पद्धतीने येतात, पण त्यांतली बरीचशी कुलूपबंद आहेत आणि सगळ्या उपकरणांवर उघडत नाहीत. रेकॉर्डिंगसाठी साधा ७.१ वापरा.

तपासणी: एका वेळी दिसलं म्हणजे झालं असं धरू नका. सकाळी, रात्री आणि वारा किंवा पाऊस असताना सिग्नल मीटर बघा. झाडांआडून येणारा सिग्नल वाऱ्यात हलतो. चोवीस तास टिकला की पुढे जा.

## ६. गाईड: यादी कुठली निवडली ते बघा

गाईड तीन ठिकाणांहून येऊ शकतं, आणि तुमचं कुठून येतंय ते ठाऊक असायला हवं.

हवेतून. प्रत्येक स्टेशन चित्रासोबत स्वतःचं वेळापत्रक पाठवतं. पुढच्या बारा तासांचं पाठवणं बंधनकारक आहे, त्यापुढचं स्टेशनच्या मर्जीवर. टीव्हीचं स्वतःचं गाईड बहुधा हेच असतं. टीव्ही ज्या चॅनेलवर असतो त्याचंच वेळापत्रक तो गोळा करतो, म्हणून स्कॅननंतर बाकीच्या ओळी रिकाम्या दिसतात. बिघाड नाही. प्रत्येक चॅनेलवर मिनिटभर थांबा, ओळी भरतील.

इंटरनेटवरून. टॅब्लो, प्लेक्स, ‘चॅनेल्स’, एचडीहोमरन या रेकॉर्डिंगच्या उपकरणांचं आणि ॲप्सचं गाईड तुमच्या झिप कोडवरून दोन आठवड्यांपर्यंतचं येतं. टॅब्लोच्या नव्या पिढीत त्याला वेगळे पैसे नाहीत, प्लेक्सवर रेकॉर्डिंगसाठी प्लेक्स पास लागतो. स्वतःचा सर्व्हर चालवणारे स्केड्यूल्स डायरेक्ट या वेळापत्रक पुरवणाऱ्या सेवेचा डेटा घेतात.

कंपनीच्या बॉक्समधून. डिश या सॅटेलाईट कंपनीच्या काही बॉक्सना अँटेना जोडता येतो. चित्र हवेतून येतं, पण ओळ भरणारा डेटा कंपनीचा असतो. वादाच्या काळात ती ओळ रिकामी राहिली किंवा त्यात कार्यक्रमाऐवजी सूचना दिसली, तरी चित्र बघायला अडचण नाही. रेकॉर्डिंग मात्र वेळ आणि चॅनेल हाताने टाकून लावा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. झिप कोड टाकल्यावर ॲप याद्यांची निवड देतं: अमुक केबल, तमुक सॅटेलाईट, आणि तळाशी कुठेतरी ‘अँटेना’ किंवा ‘लोकल ब्रॉडकास्ट’. लोक सवयीने आपल्या केबल कंपनीची यादी निवडतात. वाद नसतो तोवर बरंचसं जुळतंही. वाद सुरू झाला की कंपनीच्या यादीतून ते स्टेशन काढलं जातं, आणि अँटेनावर चित्र स्वच्छ येत असताना तुमच्या गाईडची ओळ जाते. यादी बदला, तीस सेकंदांचं काम आहे. पण हे वादाआधी करा, म्हणजे रेकॉर्डिंग नव्या ओळींवर बसवायला वेळ मिळतो.

यादी बदलल्यावर प्रत्येक ओळ अक्षरांवरून जुळवा, नंबरावरून नाही. मध्य न्यू जर्सीत ६.१ आणि ७.१ दोन्ही एबीसी आहेत. संध्याकाळचे राष्ट्रीय कार्यक्रम दोन्हींवर सारखे, त्यामुळे चूक लपते. दुपारचे कार्यक्रम आणि स्थानिक बातम्या वेगळ्या, तिथे रेकॉर्डिंग चुकतं. उपचॅनेल्सवरही नजर टाका. ७.२, ७.३ वरचे प्रसारक बदलत असतात आणि जुनं नाव मागे राहतं.

तपासणी: तासाच्या ठोक्याला तीन चॅनेल्सवर जा आणि गाईडमधलं नाव पडद्यावरच्या कार्यक्रमाशी ताडून बघा. त्यांतला एक स्थानिक बातम्यांचा असू द्या. सगळीकडे बरोबर एक तासाचा फरक दिसला तर उपकरणाचा टाईम झोन चुकलाय. एकाच स्टेशनवर फरक दिसला आणि गाईड हवेतलं असेल तर घड्याळ स्टेशनचं चुकलंय. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये वेळ बदलताना असं होतं. तेव्हा त्या चॅनेलचं रेकॉर्डिंग हाताने लावा.

## ७. रेकॉर्डिंग पुन्हा लावा

जुनं मालिका-रेकॉर्डिंग केबलच्या ओळीला बांधलेलं असतं. ते आपोआप अँटेनावर सरकत नाही. वाद सुरू झाल्यावर ते एक तर काहीच करत नाही, नाहीतर कंपनीची सूचनेची पाटी तासभर रेकॉर्ड करतं.

पहिल्या टप्प्यात काढलेला फोटो उघडा आणि एकेक कार्यक्रम अँटेनाच्या चॅनेलवर नव्याने लावा. मालिकेच्या सेटिंगमध्ये चॅनेल ‘कुठलंही’ न ठेवता नेमकं ७.१ निवडा. जुनी नोंद पुसू नका, फक्त थांबवून ठेवा.

खेळांना शेवटी किमान एक तास जादा द्या. सामना लांबला की त्यानंतरचा कार्यक्रमही पुढे सरकतो, म्हणून त्यालाही अर्धा तास द्या.

जागेचा हिशोब करा. एका स्टेशनचा पूर्ण प्रवाह सेकंदाला १९.३९ मेगाबिट असतो, म्हणजे तासाला पावणेनऊ गिगाबाईटपर्यंत. उपचॅनेल्समध्ये तो वाटला जातो, म्हणून प्रत्यक्षात कमी लागते. दोन ट्यूनर असतील तर एका वेळी दोनच गोष्टी होतात, बघणंही त्यात धरलेलं असतं.

तपासणी: मुदतीच्या आदल्या दिवशी दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून, थांबवून, परत चालवून बघा. आवाज आणि चित्र दोन्ही.

## ८. वाद मिटल्यावर

- कंपनीकडे पैसे परत मागा. २०२५ च्या वादात यूट्यूब टीव्हीने २० डॉलरची सूट दिली, पण अनेकांना ती स्वतः जाऊन घ्यावी लागली. आपोआप जमा होईल असं धरून थांबू नका.
- थांबवलेलं जुनं रेकॉर्डिंग चालू करण्याआधी त्या ओळीत खरे कार्यक्रम दिसतात का ते बघा. चॅनेल परत आल्यावरही गाईड भरायला वेळ लागू शकतो.
- दोन्हीकडे एकच मालिका लावलेली राहिली तर डिस्क दुप्पट भरते. एक ठेवा. चित्र चांगलं असेल तर मी अँटेनाचं ठेवते.
- अँटेना काढून कपाटात टाकू नका. केबल जोडलेलीच राहू द्या आणि महिन्यातून एकदा ‘चॅनेल जोडा’ चालवा. कागदावरचे आरएफ नंबर त्या वेळी पुन्हा पडताळा आणि कागद टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा.